शालूताईचं संपत आलेलं कॉन्ट्रॅक्ट

मारिसेलचा फोन आला तेव्हा मी रियाधच्या ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसात एका व्हेंडरवर तोंडसुख घेत होतो. मारिसेल म्हणजे रियाधच्या हॉस्पिटलातली फिलिपिनो नर्स, माझ्या शालूताईची जिवलग मैत्रीण. ती फोन कधी करत नाही. मेसेज टाकते, आणि त्यातही शब्द कमी, चेंडूंची चित्रं जास्त. त्यामुळे तिचं नाव दिसताच मी व्हेंडरला वाऱ्यावर सोडलं आणि उतावीळपणे विचारलं, “मानले का ते? झाला का ट्रेड?” आमच्या बास्केटबॉलच्या खेळात शालूताईने टाकलेला एक सौदा आठवडाभर अडून बसला होता आणि माझा जीव त्यात अडकला होता. मग मारिसेल म्हणाली, “ब्रदर, शालिनी गेली...” शालूताई तेव्हा राबिघला होती, लाल समुद्राच्या काठी, माझ्यापासून अर्धा देश ओलांडून पलीकडे. सकाळची ड्यूटी आटोपून स्टाफरूममध्ये चहा घ्यायला बसली आणि बसल्या जागी गेली. हृदय बंद पडलं. आजूबाजूला सगळे डॉक्टर आणि नर्स, तरी कुणाला काही करता आलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. ताईला वेंगुर्ल्याला पोचवलं, पुण्याहून आलेल्या निखिलने, तिच्या मुलाने, सगळं केलं. मी इकडे तिचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, बंद करण्यासाठी या खिडकीतून त्या खिडकीत फिरलो. आता लिहायला बसलोय तर सूर लागत नाही, कारण मृत्यूनंतरच्या लेखाला लागतो तसला हळवा सूर तिच्याबाबतीत जमतच नाही. शालूताई कधी हळू आवाजात बोललीच नाही. ती जे सांगायची ते आग लागल्यासारखं सांगायची. तिच्याबद्दल लिहायचं तर मलाही आवाज चढवूनच लिहावं लागणार, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ती माझी मावसबहीण. उंचीने एवढीशी, औषधाच्या कपाटाचा वरचा कप्पा गाठायला स्टूल घ्यायची. नवरा लवकर गेला, निखिल आजीकडे वाढला, आणि ही नर्सिंगच्या जोरावर रियाधला आली. मी तिच्या मागाहून आलो, बँकेची कॉम्प्युटरं सांभाळायला. दर शुक्रवारी सकाळी ती टॅक्सी करून आमच्याकडे यायची. सीमा, माझी बायको, घावणे घालायची आणि ताई चपला काढायच्या आधी टीव्ही लावायची. रियाधमध्ये शुक्रवारची सकाळ उजाडते तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुरुवारची रात्र असते आणि तिथे बास्केटबॉलचा सामना रंगात आलेला असतो. मी पक्का क्रिकेटवाला. दर अर्ध्या मिनिटाला गुण होणारा खेळ मला खेळच वाटायचा नाही. पण हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर तिच्या सगळ्या सोबतिणी फिलिपिनो, आणि त्यांना बास्केटबॉल म्हणजे आपल्याला क्रिकेट. पहिली काही वर्षं ती सोबतीला म्हणून बघत बसली. मग एक दिवस तिला कळलं की खेळाडूंची देवघेव होते, आणि तिथे ती कायमची अडकली. आमच्या घराण्यात बायका मासळीबाजारात नुसत्या भुवया उडवून भाव पाडतात. हिला तर आयताच जागतिक बाजार सापडला!

मारिसेलने नर्सेसची एक कागदी लीग काढली होती. संघ आपापला, पण खेळाडू खरे, त्यांचे पगार खरे आणि कॉन्ट्रॅक्टची वर्षंही खरी. अमेरिकेत तो खेळाडू जसा खेळेल तसे इथे गुण. मारिसेल स्वतः कमिशनर, आणि ती नियमांना इतकी कडक की नर्सिंग डायरेक्टरसुद्धा तिला टरकायची. ताईच्या संघाचं नाव होतं ‘वेंगुर्ला वादळ’. रुबाबात सांगायची, जशी काही वेंगुर्ल्याच्या बंदरावर तिची माणसं सरावाला उतरतात.

एका शुक्रवारी ती घरात शिरली तीच नाचत. तिने एक ताज्या दमाचा, उंच उड्या मारणारा खेळाडू मिळवला होता, आणि त्याच्या बदल्यात दिला होता गुडघे गेलेला एक म्हातारा, जो अंगावर टॉवेल टाकून बाकावर बसून असायचा. मी म्हटलं, “समोरची बाई येडी आहे काय?” ताईने घावण्याचा तुकडा हातात तसाच धरला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “अरे मेल्या, तो खेळता कसो ता कोण बघता? तेचा कॉन्ट्रॅक्ट ह्या जूनात संपता!”

मग तिने मला ते सगळं शास्त्र समजावलं. मी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या लीगमध्ये प्रत्येक संघाने पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा असते. एखाद्या खेळाडूला मोठ्या पगाराचं लांबलचक कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि तो ढेपाळला, की तो संघाच्या छातीवर बसतो. नव्या माणसाला जागाच उरत नाही. अदलाबदल करायची तर दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळावे लागतात. अशा वेळी तेवढ्याच पगाराचा, पण याच हंगामात कॉन्ट्रॅक्ट संपणारा माणूस कुणाकडे आहे हे सगळे शोधत फिरतात. तो खेळला नाही तरी चालतो. तो घ्यायचा, उन्हाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं, आणि त्याच्या पगाराएवढी जागा मोकळी होते. त्यासाठी लोक चांगले खेळाडू देऊन टाकतात. वेंगुर्ल्याच्या बाजारात गाळा विकत घेताना आतला भाडेकरू किती सज्जन आहे हे कुणी विचारत नाही, त्याचा करार कधी संपतो ते आधी विचारतात, तसंच हे.

“म्हणजे माणूस नको, त्याची रिकामी जागा हवी!” मी वैतागून म्हणालो. “हे काय गौरवाचं आहे?”

“होय तर! पण ती जागा तेच्यामुळेच गावता मां?” ताई म्हणाली आणि घावणा तोंडात टाकून पुन्हा टीव्हीकडे वळली.

या शास्त्रात ती एकदा साफ तोंडावर आपटली होती, तेही सांगायला हवं. तिने दोन गुणी पोरं देऊन एक भरगच्च पगाराचा ‘संपत आलेला’ घेतला. वर्षअखेर जागाच जागा होणार म्हणून हॉस्टेलवर सगळ्यांना शिरा करून घातला. शिरा पोटात उतरतो न उतरतो तोच मारिसेलने कळवलं की त्या गड्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक कलम आहे. हंगाम संपल्यावर आणखी एक वर्ष राहायचं की नाही हे त्याने स्वतः ठरवायचं, संघाने नाही. आता दुखरी पाठ घेऊन घरबसल्या एवढा पगार मिळत असताना कोण जाईल? तो राहिला. वर्षभर ‘वादळा’च्या उरावर बसून राहिला. हॉस्टेलवर तिची इतकी टिंगल झाली की ती दोन शुक्रवार आमच्याकडे फिरकली नाही. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, “अंतू, संपता म्हणान नुसता सांगान भागत नाय. नक्की संपता काय, आणि संपवचा कोणाच्या हातात आसा, ता आधी बघूचा.” मी हसलो. हे वाक्य ती खऱ्या आयुष्यात वापरील असं तेव्हा कुणाला वाटलं असतं!

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने दीपाली आमच्यात आली. मूळची सांगलीकडची, तिशीच्या आतली नर्स. तिची आणि तिच्या नवऱ्याची, संदीपची, गोष्ट ऐकून मी आधी हसलो आणि मग मला रडू आलं. संदीप रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामांमध्ये क्रेन दुरुस्त करतो. त्याला सौदीची नोकरी लागली म्हणून दीपालीनेही त्याच एजंटकडे अर्ज टाकला. एजंट म्हणाला, दोघंही सौदीत, काळजी नको. दोघांनी पेढे वाटले. इथे उतरल्यावर कळलं की संदीप रियाधला आणि दीपाली राबिघला, ताईच्याच हॉस्पिटलच्या समुद्राकाठच्या छोट्या शाखेत. “आम्हाला वाटलं, सांगली-कोल्हापूर असंल,” दीपाली म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी येस्टी पकडून जाईन म्हटलं...” तिला सुट्टी मिळायची तेव्हा ती विमानाने रियाधला यायची आणि मारिसेलच्या ओळखीने हॉस्टेलवर ताईच्या खोलीत उतरायची. नवरा भेटायचा तो मॉलमधल्या बाकावर. लग्न झालेली पोरगी, आणि नवऱ्याला भेटायला बाकावर! ताईचं रक्त उकळायचं. दीपालीने बदलीचे अर्ज टाकले होते, पण रियाधला जागा रिकामी नव्हती, आणि राबिघवाले तिच्या जागी दुसरी मिळाल्याशिवाय सोडत नव्हते. त्यातून तिचं कॉन्ट्रॅक्ट नुकतंच लांब मुदतीचं झालेलं.

एका शुक्रवारी घावणे पानात गार होत होते आणि ताई चक्क टीव्ही न लावता बसली होती. सीमाने विचारलं, बरं नाही का? ताईने मान हलवली. मग एकदम टेबलावर थाप मारली आणि म्हणाली, “गावलो! माका ट्रेड गावलो!”

मला वाटलं लीगचा. ती म्हणाली, “नाय रे. मी माकाच ट्रेड करतंय.”

तिने जे मांडलं ते असं. ताई साठीला आली होती. हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे तिचं चालू कॉन्ट्रॅक्ट शेवटचंच, त्याचं एक वर्ष उरलं होतं. म्हणजे ती स्वतःच संपत आलेलं कॉन्ट्रॅक्ट! राबिघला आठ-दहा खाटांचा एक वॉर्ड होता, आणि तो वर्षभरात बंद करून तिथे डायलिसिस सुरू करायचा असं तिथला सौदी व्यवस्थापक अबू नासेर याने ठरवलं होतं. किडनीच्या आजाराची माणसं तिथून आठवड्यातून तीनदा जेद्दाला जातात, येतात आणि गळून पडतात. मशीन आलं होतं, डॉक्टर येणार होते. पण डायलिसिसचं काम येणाऱ्या नर्सला घ्यायला पद नव्हतं, आणि जे पद होतं त्यावर दीपाली बसलेली, लांब मुदतीने. वॉर्ड बंद झाल्यावरही तिला कुठेतरी ठेवणं भाग होतं. “बघ आता,” ताई म्हणाली, “अबू नासेराक नर्स व्हयी एकाच वर्साक. दीपा तेका जड. रियाधाक माजी जागा वर्सान रिकामी होतली, ती आत्ताच दीपाक दिली तर तरणी नर्स गावता. मी राबिघाक जातंय. वरीस संपला, मी घरी. ती जागा डायलिसिसवालीक!” आणि तिने दोन्ही हात असे पसरले जसा काही चेंडू बास्केटमध्ये गेलाच.

मी भडकलो. खरंच भडकलो. आयुष्यभर राबलेल्या बाईने शेवटचं वर्ष आपल्या माणसांत, आपल्या मैत्रिणींत काढायचं सोडून वाळवंटाच्या पार टोकाला जाऊन एक बंद पडणारा वॉर्ड सांभाळायचा? मी म्हटलं, तू काय बाकावरचा टॉवेलवाला म्हातारा आहेस? लोक तुला तुझ्या रिकाम्या जागेसाठी घेतील आणि तू त्यात आनंद मानणार? सीमा मला गप्प करू बघत होती. आमची ईशा, जी आत्याशी नेहमी इंग्रजीतच बोलते आणि आत्या तिला मालवणीतच उत्तर देते, कॉर्नफ्लेक्सच्या वाटीतून मान वर करून म्हणाली, “बाबा, इट्स ॲक्चुअली ब्रिलियंट.” ताई खदखदून हसली. मग माझ्याकडे वळून, तिच्या मानाने खूपच खालच्या आवाजात म्हणाली, “अंतू, माजा ह्या शेवटचा वरीस असाच फुकट जातला रे. निरोपाचो केक कापतले, फोटो काढतले... तेच्यात कोणाचा भला होतला? माका तेचा कायतरी व्हया.”

मी उठून तिच्या पानातला गार घावणा बदलला.

पुढचे दोन महिने म्हणजे, सांगतो, मी एवढी उत्कंठा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही अनुभवली नव्हती. रियाधची नर्सिंग डायरेक्टर, जॉर्डनच्या मॅडम, आधी तयार झाल्या. एवढी अनुभवी सिस्टर वर्षभर आधी जाणार म्हणून त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण तरणी नर्स कुणाला नको असते? अडलं ते अबू नासेरपाशी. तो फोनवर गोड बोलायचा आणि कागदावर सही करायचा नाही. ऑफिसात सिस्टिम बंद पडली तरी मी आधी ताईला विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, थांब. मग एका सकाळी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने आपलं कॉन्ट्रॅक्ट काढून वाचलं, आणि त्यात कलम होतं! दोघांपैकी कुणीच आधी कळवलं नाही तर ते आपोआप एक वर्ष पुढे चालू. वयाचा नियम हॉस्पिटलचा, पण छोट्या शाखांमध्ये तो सर्रास वाकवला जातो. अबू नासेरला हीच धास्ती होती. ही बाई येईल, पाय रोवील, वर्ष संपल्यावर विनवण्या करील, आणि डायलिसिसचं पद पुन्हा अडकेल. आपला तो उरावर बसलेला पाठदुख्या!

ताईने काय करावं? ती मॅडमकडे गेली आणि वर्षअखेरीला मी नूतनीकरण घेणार नाही, असं तिने तेव्हाच लिहून सही करून दिलं. त्याची प्रत अबू नासेरला. परतीचं दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं. मला हे तिने नंतर सांगितलं, कारण आधी सांगितलं असतं तर मी टॅक्सी करून हॉस्पिटलात जाऊन तमाशा केला असता, हे तिला ठाऊक होतं. “आता नक्की संपता,” ती फोनवर ओरडत होती, “आणि संपवचा माज्या हातात होता, मी संपवलंय!” संध्याकाळी अबू नासेरची सही आली. मारिसेलने गटावर इतके चेंडू टाकले की माझा फोन थिजला. मी, क्रिकेटवाला, सर्व्हर रूममध्ये एकटाच हात वर करून नाचलो. खोटं कशाला सांगू? दुःखही तेवढंच होत होतं, पण नाचलो.

दीपाली रियाधला आली आणि तिने संदीपबरोबर एक खोली-स्वयंपाकघर भाड्याने घेतलं. त्या घरात पहिलं जेवण ताईच्या हातचं झालं, आणि दुसऱ्या दिवशी ताई राबिघला गेली. मला वाटलं होतं ती तिथे कोमेजेल. छे! पहिला फोन समुद्रावरून. एवढ्या वर्षांच्या धुळीनंतर तिला समुद्र मिळाला होता. मागे रिफायनरीच्या चिमण्या, समोर पाणी, आणि ही वाऱ्यात किंचाळत मला मासळीचे भाव सांगतेय! हामूर ताजा मिळतो पण त्याला चव नाही, आमच्या बांगड्याची सर कशालाच नाही, हे तिने तिथल्या कोळ्याला खुणांनी सांगून टाकलं होतं. मला तिने ‘वादळा’चा रियाधमधला असिस्टंट नेमलं. वर्षानुवर्षं ज्या खेळाची मी टर उडवली त्याच्या खेळाडूंची कॉन्ट्रॅक्टं मी ऑफिसच्या वेळेत वाचायला लागलो. अमुक किती वर्षांचा, तमक्याला कलम आहे का... सीमा म्हणायची, गाढवापुढे गीता वाचली आणि चक्क गाढवाला कळली.

वॉर्ड हळूहळू रिकामा होत होता आणि ताई फोनवर डायलिसिसबद्दल बोलायला लागली होती. पाण्याचा प्लांट बसला. खुर्च्या आल्या. खुर्ची खिडकीशी हवी म्हणून ती कंत्राटदाराशी भांडली, कारण चार तास माणूस नळ्या लावून पडून राहणार, त्याला समुद्र तरी दिसू दे. अबू सालेम नावाचा एक म्हातारा होता, जन्मभर होडीवर काढलेला. त्याचा मुलगा त्याला जेद्दाला नेऊन आणायचा. म्हातारा येता-जाता दवाखान्यात डोकावून ताईला विचारायचा, मशीन कधी? ती बोटांनी महिने दाखवायची. अबू नासेर तर आता तिच्या मागेच लागला होता. “सिस्टर, लेश? क्यों जाना? इधर ही रहो, मैं पेपर बदल देता.” तिने ऐकलं नाही. मीही फोनवर म्हणालो, रहा की अजून वर्षभर, समुद्र आहे, मान आहे. ती म्हणाली, “मी ऱ्हवलंय तर ती डायलिसिसवाली खय बसतली? माज्या मांडयेर?”

ती डायलिसिसवाली निवडलीही गेली होती. ताईचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की दुसऱ्या शाखेतून ती येणार होती. ताई मात्र त्याच्या आधीच... मारिसेलचा फोन मी सुरुवातीला सांगितलाच.

ताईचं सामान आणायला मी गेलो तेव्हा अबू नासेरने मला आधी आपल्या खोलीत बसवून गावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजली, खजूर पुढे केले. मग त्याने सांगितलं की नवी नर्स आली आहे. जागा लवकर मोकळी झाली म्हणून लवकर बोलावली. हे सांगताना तो ओशाळला. मीही, खरं सांगतो, आतून पेटलो. एवढी घाई? पण मग मला आठवलं की हे सगळं कुणी जुळवलं होतं. ती असती तर तिने याहून घाई केली असती.

नवी नर्स लिजी, केरळची. क्वार्टर्सच्या बाहेर बॅग घेऊन उभी होती. ताईच्या माणसांनी खोली उघडल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. मी कपडे आणि देवांची तसबीर घेतली. कुकर, तवा, आमसुलांची बरणी तिथेच ठेवली. लिजीने हिंदीत विचारलं, “अंकल, कल पहला पेशंट है. आप रुकेंगे?” माझं विमान त्याच संध्याकाळचं होतं. मी ते सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जो वॉर्ड ताईने जवळजवळ वर्षभर चालवून बंद केला होता त्याच खोलीत मी एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. भिंती नव्या रंगाच्या. खिडकीशी खुर्ची. अबू सालेम मुलाच्या खांद्यावर हात टाकून आला, खुर्चीत बसला आणि त्याने समुद्राकडे बघितलं. लिजीने नळ्या जोडल्या. मशीन सुरू झालं, नळीतून लालभडक धार पुढे सरकली आणि मी स्टुलाची कड घट्ट धरली. आणि मला एकदम समजलं, इतकी वर्षं ते शास्त्र ऐकूनही जे समजलं नव्हतं ते. बाकावरचा तो म्हातारा नव्या संघात जातो, त्याची मुदत संपते, जागा मोकळी होते, नवा खेळाडू येतो, स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं... पण तो सामना म्हाताऱ्याला कधीच दिसत नाही. तो तेव्हा तिथे नसतो. ताई जगली असती तरी या सकाळी ती वेंगुर्ल्यात असती. ही खोली चालू झालेली बघायला मिळणार नाही, हे माहीत असूनच तिने सही केली होती. तिच्या आवडत्या भाषेत सांगायचं तर तिने सौदाच तसा केला होता.

क्रिकेटचा सामनासुद्धा मी कधी जागेवरून न उठता पाहिलेला नाही, सीमा साक्ष आहे. त्या दिवशी मी चार तास हललो नाही. मशीनवरचा आकडा बदलला की मी सरसावून बसायचो, लिजी येऊन दाब तपासायची आणि ठीक म्हणायची तेव्हा मी मनात हात वर करायचो. मध्येच म्हातारा झोपला. त्याच्या मुलाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, तुमचा कोण पेशंट आहे?

“कोणी नाही,” मी म्हटलं. “मी शालिनी सिस्टरचा भाऊ. तिच्या वतीने बघतोय.”

त्याने आपली खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे मला मशीन नीट दिसावं.